वासाचा रकाना

दूध आटून, करपून, भांड्याच्या बुडाशी कोळसा झाला तेव्हा मी गॅसपासून दोन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. बायको आतल्या खोलीतून धावत आली. तिनं आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली आणि मग नाकावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली. "अहो, वास नाही आला तुम्हाला?" मी ताबडतोब म्हणालो, "आला की. मला वाटलं, शेजाऱ्यांकडचं काहीतरी लागलंय." हे उत्तर इतकं आयतं तोंडातून बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं. खोटं बोलण्याआधी माणसाला निदान एक आवंढा तरी गिळावा लागतो. मला तेवढाही वेळ लागला नाही. म्हणजे असलं उत्तर मी आधीही कुठेतरी वापरलेलं असणार. "म्हणे वासातले जाणकार," ती पुटपुटली आणि भांडं मोरीत आपटून निघून गेली. मी उठलो, मोरीत वाकलो आणि भांड्यात जवळजवळ तोंडच घातलं. दोनदा हुंगलं. काळं होतं, गरम होतं, नळाचा थेंब पडला की चर्र वाजत होतं. बाकी काही नव्हतं.

सर्दी असेल, म्हटलं. पण सर्दी नव्हती. नाक कोरडं ठणठणीत होतं, हवा आत-बाहेर सुरळीत चालली होती. कामाला चालत निघालो आणि रस्त्यानं परीक्षा सुरू केली. कोपऱ्यावरची बेकरी आली आणि मला पावाचा वास आला. हायसं वाटलं. मग पेट्रोल पंप आला, पेट्रोलचाही आला. मग कसली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी तिथेच थांबलो आणि डोळे मिटले. पेट्रोल गेलं. डोळे उघडले, पंपावरची नळी दिसली, लाल डबा दिसला, आणि पुन्हा वास आल्यासारखा वाटला. पुन्हा मिटले, पुन्हा गेलं. पंपावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला तसा मी पुढे सटकलो. उलट पावली जाऊन बेकरीशीही हाच खेळ केला. डोळे मिटून पायरीवर उभा राहिलो तर कुणीतरी खांद्याला धक्का देऊन म्हणालं, "काका, घ्यायचंय का काही?" काही घ्यायचं नव्हतं. जे घ्यायचं होतं ते येत नव्हतं. मनातल्या मनात मी दुधाचा वास आठवून बघितला. दूध आठवलं, पातेलं आठवलं, साय फाटून वर येणारा फुगा आठवला, लहानपणी आई फुंकर मारून ती साय बाजूला करायची तेही आठवलं. वास आठवला नाही. त्याची जागा तेवढी होती, घरातलं कपाट हलवल्यावर भिंतीवर त्याची चौकट उरते तशी.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. मी शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे, सव्वीस वर्षं. मला तिथे 'नाक' म्हणतात, आणि पाठीमागे नाही, तोंडावर. नळातून, मोरीतून, संडासातून या शहरानं जे जे सोडून दिलं ते सगळं आमच्याकडे येतं. जाळीत चिंध्या अडकतात, वाळू खाली बसते आणि उरलेलं तपकिरी पाणी हवेच्या टाकीत जातं. तिथे ब्लोअर तळातून हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जंतू घाण खातात. जंतू धडधाकट असले की टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. ते गुदमरले की वास बदलतो, आणि आकडे बिघडण्याच्या कितीतरी आधी बदलतो. पाण्याचं सगळं मोजायला यंत्रं आहेत, वासाला नाही. म्हणून आमच्या रजिस्टरात तापमानाशेजारी एक रकाना आहे, वासाचा. तो माझ्या आधीच्या केमिस्टांनी आखलेला. त्यांना आम्ही थोरले म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात स्टीलचा मग दिला, टाकीत बुडवायला लावला आणि म्हणाले, "डोळे मीट. दोनदा हुंग, लहान लहान. आणि बोलू नकोस, आधी लिही." मी विचारलं, बोलायचं का नाही? ते म्हणाले, "बोललास की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघशील. त्याचा चेहरा बघितलास की तुझा वास बदलेल." मी डोळे मिटले, हुंगलं आणि लिहिलं, 'भिजलेल्या पुठ्ठ्याचा'. त्यांनी ते वाचलं आणि तिसऱ्या ब्लोअरची गाळणी उघडायला सांगितली. ती तुंबलेली निघाली. त्या दिवशी मी घरी नाचतच गेलो होतो.

डोळे मीट. हे शब्द आठवले आणि मी फाटकाशीच थांबलो. मी डोळे शेवटचे कधी मिटले होते? रोज मग बुडवतो, नाकाशी नेतो, लिहितो. पण मिटतो का? टाकीवरचा फेस दिसतो. पांढरा, हलका असला की ठीक. काळपट, चिकट असला की बिघाड. पाण्याचा रंग दिसतो. सव्वीस वर्षांत हे डोळ्यांना पाठ झालंय. म्हणजे मी बघून लिहीत होतो का? कधीपासून? मी तसाच टाकीवर गेलो, कठड्याला टेकून मग भरला आणि डोळे घट्ट मिटले. ब्लोअरची घरघर ऐकू आली, कठड्याचा गारवा हाताला लागला. मगात काय होतं ते सांगता येईना. चहा असता तरी सांगता आलं नसतं.

आणि नेमकी आजच पाहणीची बाई येणार होती. देशभरात चारशे अठरा केंद्रं आहेत, त्या सगळ्यांची वर्षभर पाहणी चालली होती. आमच्याकडचे कागद महिन्याभरापूर्वीच गेले होते. बाई उमदी निघाली, पन्नाशीच्या आतली, पायात जाड बूट, काखेत कागदांचा गठ्ठा. प्रयोगशाळेत माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच पाहण्याजोगी वस्तू आहे. "चारशे अठरा रजिस्टरं वाचली मी," ती म्हणाली. "वासाच्या रकान्यात सगळीकडे एक तर 'ठीक' नाहीतर आडवी रेघ. तुमच्याकडे मात्र काय एकेक लिहिलंय! 'ओल्या पोत्याचा.' 'विळीच्या पात्याचा.' 'बंद बॅगेचा.' प्रवासात मी हे मजेनं वाचत होते." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आजच्या दिवशीही बरं वाटलं. मग तिनं एक तक्ता पुढे सरकवला. "आणि चौदा महिन्यांपूर्वीपासून बघा. रोज एकच. मातीसारखा, मातीसारखा, मातीसारखा. एक दिवस खंड नाही. देशात असं दुसरं एकही केंद्र नाही. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही काय केलंत?"

मी तक्त्याकडे बघत राहिलो. एकाखाली एक तोच शब्द, माझ्याच अक्षरात. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसा. काय केलं होतं चौदा महिन्यांपूर्वी? काहीच आठवेना. आजारी पडलो नव्हतो, पडझड झाली नव्हती, कुणी गेलं नव्हतं. माणसाचं एक अख्खं इंद्रिय जातं त्या दिवशी काहीतरी व्हायला नको? निदान ठेच तरी लागायला नको? मग केंद्रातला एक बदल आठवला. मी म्हणालो, "दुपारचे ब्लोअर." ती खूश झाली. "तेच! चारपैकी दोन ब्लोअर दुपारी बारा ते पाच बंद. वीज वाचवायचा प्रयोग. आणि अट काय होती तर तुमच्या नाकाला वास बदललेला जाणवला की पुन्हा चालू करायचे. बदलला तर नाहीच, उलट स्थिरावला! पाण्याचे आकडेही मर्यादेत आहेत, काठावर का होईना. आता चारशे अठरा केंद्रांत हेच करायचं ठरतंय. आदेशासोबत तुमचा रकाना जोडणार आहोत. इथे सही हवी. तीनला माझी गाडी आहे." तिनं कागद ठेवला. त्यावर लिहिलेलं होतं, वासाच्या दैनंदिन नोंदी मी स्वतः, प्रत्यक्ष हुंगून केलेल्या आहेत. घड्याळात सव्वा वाजला होता.

मी म्हणालो, जरा टाकीवर जाऊन येतो. तिला वाटलं, मी कामाचा वक्तशीर माणूस आहे. तसा मी नाकासमोर चालणारा माणूस आहेच, सगळे म्हणतात. टाकीच्या कडेकडेनं चालताना मी हिशोब जुळवत होतो. समजा, ब्लोअर बंद झाले त्याच आठवड्यात माझं नाक गेलं. हा योगायोग झाला की एकामुळे दुसरं झालं? की नाक आधीच गेलं होतं, आणि चौदा महिन्यांपूर्वी फक्त माझी कल्पकता संपली? 'बंद बॅगेचा' हे कधीचं? दीड वर्षापूर्वीचं. ते लिहिताना मला बॅग हुंगल्यासारखं वाटलं होतं की आदल्याच दिवशी मुलीची बॅग माळ्यावरून काढली होती म्हणून ती सुचली? मुलगी नोकरीसाठी परगावी गेली त्याच सुमाराची गोष्ट. आठवणीत सगळे वास आहेत पण ते शब्दांचे आहेत, एकही नाकाचा नाही. चक्रावून गेलो. पिंपाच्या आडोशाला उभं राहून मी बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "भांडं घासून दमले मी, तुमचं काय?" मी विचारलं, "तू मला दारातच 'आधी अंघोळ' म्हणायचीस, ते कधी बंद केलंस?" वीस-बावीस वर्षं ती हे म्हणत होती, नाक मुरडून, कधी हसून, कधी वैतागून. मग कधीतरी म्हणेनाशी झाली. मला वाटलं होतं, सवय झाली असेल तिला. "तुम्ही भडकलात तेव्हा," ती म्हणाली. "म्हणालात, मला स्वतःला कसलाही वास येत नाही, तुझ्या नाकाचीच नाटकं आहेत. दोन उन्हाळे झाले त्याला." मी म्हणालो, "मी असं म्हणालो?" ती म्हणाली, "त्यानंतर मी आतल्या खोलीत झोपायला लागले. तुम्ही विचारलंसुद्धा नाही का ते." मी म्हणालो, "मला वाटलं, मी घोरतो म्हणून." "घोरता पण," ती म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "बरं नाही का तुम्हाला?" मी म्हणालो, संध्याकाळी सांगतो. आधी अंघोळ करीन आणि मग सांगीन, असं म्हणायचं होतं, ते राहिलं.

दोन उन्हाळे. म्हणजे चौदा महिन्यांच्याही आधीच नाक गेलेलं, म्हणजे बाईचा तक्ता चुकीचा, माझं रजिस्टरही चुकीचं, आणि ओल्या पोत्याचा, विळीच्या पात्याचा हे सगळं कदाचित मी डोळ्यांनी बघून रचलेलं. पण मग तेव्हा बिघाड नेमके कसे सापडायचे? डोळ्यांनीच सापडत असतील. मग नाक कधी होतं तरी का? त्या पहिल्या दिवशीचा पुठ्ठा तरी खरा होता का? की थोरल्यांना तिसरी गाळणी तुंबल्याचं आधीच ठाऊक होतं, आणि मी काहीही लिहिलं असतं तरी त्यांनी तीच उघडायला सांगितली असती? त्यांना विचारायला ते आता नाहीत. मला भीती वाटली, सरळ सांगतो. नाक गेल्याची नाही, तर ते कधी होतं हेही सांगता येत नाही याची.

ब्लोअरच्या खोलीबाहेर आमचा ऑपरेटर डबा खात बसला होता. ब्लोअरवर असतो म्हणून त्याला सगळे फुंकर म्हणतात. दोन ब्लोअर थांबलेले होते, दोनांची घरघर चालू होती. मी त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसलो. "फुंकर, खरं सांग. दुपारी इथे वास येतो का?" तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, साहेब परीक्षा घेताहेत. "मातीसारखा ना साहेब," तो म्हणाला. मी म्हणालो, "रजिस्टरातला नको सांगूस. तुझ्या नाकाला काय येतं?" त्यानं डबा बंद केला. "रागावू नका साहेब. नासलेल्या अंड्यासारखा येतो. गाळाच्या टाकीकडून तर जास्तच. पहिल्या महिन्यात मी आणि जाळीवाला बोललो एकमेकांत. पण तुम्ही रोज लिहिताय मातीसारखा. मग आम्ही म्हटलं, आपलीच नाकं बिघडली असतील. नाकसाहेब चुकतील का?" मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याच्या की माझ्या ते ठरेना. "अरे, मग बोलायचं नाही का?" "तुम्हीच शिकवलंत ना," तो म्हणाला, "बोलायचं नाही, आधी लिहायचं. आणि लिहिणार तर तुम्हीच."

गाळाच्या टाकीपलीकडे आवाराची भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे एक चारमजली इमारत. तिच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मी रोज बघतो, कायम बंद. आता मात्र मी तिच्याकडे बघत थांबलो. तिथून एक बाई दर आठवड्याला फोन करायची. वास येतो, पोरांना जेवण जात नाही, खिडकी उघडता येत नाही. आम्ही तिला टेलिफोनबाई म्हणायचो आणि तिच्या आवाजाच्या नकला करायचो. मीच जास्त करायचो. दर वेळी मी म्हणायचो, "बाई, माझ्यासमोर रजिस्टर आहे. वास मातीसारखा आहे." ती म्हणायची, "अहो, पण मला येतोय!" आणि शेवटी एकदा मी म्हणालो होतो, "मग एकदा स्वतःचं नाक दाखवून घ्या कुणाला तरी." सव्वीस वर्षं वासाचं काम करणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर तिनं फोन ठेवला. त्यानंतर चार महिने तिचा फोन आला नाही. मी फुंकरला म्हणालो होतो, बघ, खोड मोडली. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. चारशे अठरा केंद्रं, आणि प्रत्येकाला एक भिंत असणार. प्रत्येक भिंतीपलीकडे कुणाची तरी स्वयंपाकघराची खिडकी असणार, आणि ती बाई फोन करील तेव्हा तिकडचा केमिस्ट माझा रकाना वाचून दाखवील. हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसलं की मिनिटभर तरी गोंधळ थांबला.

प्रयोगशाळेत परत आलो तेव्हा पाहणीची बाई पेनचं टोपण काढून बसली होती. सही करणं सोपं होतं. नाक पुढेमागे येईलही, कुणाला कळलंय? पाण्याचे आकडे मर्यादेत आहेत. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत. आणि सही केली नाही तर सांगायचं काय? मला वास येत नाही, असं 'नाक' म्हणणार? नाक कापलं जाणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. मी पेन घेतलं, कागदावर टेकवलंही. मी स्वतः, प्रत्यक्ष हुंगून. त्या वाक्यात एकच शब्द खरा होता, 'मी', आणि त्याचीही खात्री नव्हती. मी पेन तसंच धरून कपाटातून तक्रारींची वही काढली. "काही शोधताय का?" बाईनं विचारलं. "एक नंबर," मी म्हणालो आणि टेबलावरचा फोन ओढला. रजिस्टरही उघडलं. आजच्या दुपारचा रकाना कोरा होता.

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला. मी केंद्राचं नाव सांगितल्याबरोबर ती म्हणाली, "मी नाही हो केली तक्रार. मी आता करत नाही." आवाज तोच, पण फुगा सुटून गेल्यासारखा. मी म्हणालो, "मी केमिस्ट बोलतोय. रजिस्टरवाला." ती म्हणाली, "ओळखलं. तुम्ही सांगितलंत तसं मी नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, नाक उत्तम आहे. मग घरच्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, डोक्याच्या. आता गोळ्या चालू आहेत. घरचे म्हणतात, वास तुझ्या डोक्यात आहे. असेलही. मला आता काही कळेनासं झालंय." पाहणीची बाई माझ्याकडे बघत होती. थोरले म्हणायचे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघशील तर वास बदलेल. मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, डोळे मिटून घेतले. "बाई," मी म्हणालो, "एक काम कराल? तुमची खिडकी उघडा आणि मला सांगा."

मग पावलं ऐकू आली, कडी निघाल्याचा आवाज आला, कित्येक महिन्यांची बसलेली झडप करकरत उघडली. तिनं श्वास घेतला, तो मला फोनमधून स्पष्ट ऐकू आला. दोनदा, लहान लहान. तिच्याबरोबर मीही घेतला.

"येतोय," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, "येतोय हो. तुम्हाला नाही येत?"

"नाही," मी म्हणालो. "मला कधीपासून येत नाही तेही मला ठाऊक नाही. तुम्हाला येत होता तो खरा होता. कसला येतोय ते सांगा बाई, मी लिहून घेतो."